टीवायची पोरं बाहेर पडतायत, स्पेशल विषयावरून पुढचा रस्ता कसा सांगायचा? (तालुक्याचं छोटं कॉलेज)

माणदेशी_मास्तर

नमस्कार मंडळी. सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यातल्या एका छोट्या कॉलेजात मी भूगोल शिकवतो, तासिका तत्त्वावर. पुढच्या महिन्यात टीवायचा निरोप समारंभ आहे आणि प्राचार्यांनी मला सांगितलंय की पंधरा-वीस मिनिटं "पुढे काय" यावर बोला. दरवर्षी त्या कार्यक्रमात तेच होतं, कोणीतरी पाहुणा येतो, जिद्द ठेवा म्हणतो, एमपीएससी करा म्हणतो, पोरं टाळ्या वाजवतात आणि जूनमध्ये अर्धी पोरं पुण्यात अभ्यासिकेत, काही पोलीस भरतीच्या ग्राउंडवर, पोरींपैकी बऱ्याच जणींची लग्नं ठरलेली. मला या वेळी खरोखर उपयोगी पडेल असं काहीतरी द्यायचंय.

आमच्याकडे बीएला स्पेशल विषय चारच, मराठी, इतिहास, भूगोल, अर्थशास्त्र. बीएस्सीला केमिस्ट्री आणि बॉटनी. आणि बीकॉम, जिथे सगळ्यात जास्त गर्दी. विषय कोणी फार विचार करून घेतलेला नसतो हे खरंय, एसटी कोणत्या वेळेला येते आणि मैत्रीण कुठल्या वर्गात आहे यावर बऱ्याचदा ठरतं. पण तीन वर्षांत पोरं त्या विषयात रमतात हे मी डोळ्यांनी बघतो. माझ्या एका विद्यार्थिनीने प्रोजेक्टला गावातल्या विहिरींची पाणीपातळी उन्हाळा-पावसाळा मोजून नकाशा केला, उरमोडी धरणाचं पाणी आलेल्या शिवारात आणि न आलेल्या शिवारात काय फरक आहे तो दाखवला, बाहेरून आलेले परीक्षक बघत राहिले. आता तिला घरचे विचारतात की भूगोलात बीए करून काय होतं, आणि माझ्याकडे बीएड सोडून दुसरं उत्तर तयार नाही याचा मला त्रास होतो.

त्यात ही 2025-26 ची बॅच म्हणजे आमच्याकडे जुन्या पॅटर्नची शेवटची. मागून येणारी पोरं नव्या शैक्षणिक धोरणाची, त्यांना चौथं वर्ष ऑनर्स करून मग एक वर्षाचं पीजी असा पर्याय आहे. या पोरांना सरळ दोन वर्षांचं एमए-एमएस्सी.

तर ज्यांनी यातल्या कुठल्याही विषयात पुढे काही केलंय त्यांनी सांगा. पुण्यामुंबईच्या मोठ्या कॉलेजातल्या पोरांना ठाऊक असतं पण आमच्यापर्यंत पोचत नाही असं काय आहे? गोड बोलू नका, खरं सांगा.

---

नकाशावाली

सर, तुमच्या त्या विहिरीवाल्या मुलीसाठी आधी लिहिते. मी पण तालुक्याच्या कॉलेजातून बीए भूगोल केलं आणि आता पुण्यात जीआयएसमध्ये (कॉम्प्युटरवर नकाशे आणि ठिकाणांची माहिती जोडायचं काम) काम करते. तिला आजपासून क्यूजीआयएस शिकायला लावा, फुकट सॉफ्टवेअर आहे, कॉलेजच्या लॅबमधल्या साध्या कॉम्प्युटरवर चालतं. तिने विहिरींचा जो नकाशा कागदावर केलाय तोच तिने त्यात करायचा, प्रत्येक विहिरीचे अक्षांश-रेखांश मोबाईलने घ्यायचे आणि दोन मोसमांची पातळी जोडायची. इंटरव्ह्यूला मार्कलिस्टपेक्षा हे एक काम जास्त बोलतं, मी स्वतः आता नव्या पोरांच्या मुलाखतीला बसते तेव्हा पहिला प्रश्न हाच असतो की स्वतः गोळा केलेल्या डेटावर काय केलंयस ते दाखव.

दुसरं, डेहराडूनला इस्रोची आयआयआरएस म्हणून संस्था आहे, 1966 पासूनची. त्यांचे रिमोट सेन्सिंग (उपग्रहाच्या चित्रांवरून जमिनीची माहिती काढणं) आणि जीआयएसचे ऑनलाइन कोर्स फुकट असतात, सर्टिफिकेट मिळतं, आणि कॉलेज त्यांचं केंद्र म्हणून नोंदवता येतं. हे तुम्ही स्वतः करू शकता सर, प्राचार्यांची सही लागते, बाकी फार काही नाही. पुढे एमए भूगोल न करता एमएस्सी जिओइन्फॉर्मेटिक्स बघायचं, पुणे विद्यापीठात आहे. खाजगी संस्थांची फी खूप जास्त असते, कर्ज काढून तिकडे जाऊ नका असं मी सांगेन.

आणि एक गोष्ट पोरांना आधीच सांगा नाहीतर वर्ष वाया जातं. भूमी अभिलेखची भूकरमापक भरती निघाली की भूगोलवाले आनंदाने तयारीला लागतात, पण तिथे सिव्हिलचा डिप्लोमा किंवा आयटीआय सर्व्हेअर मागतात, बीए भूगोल चालत नाही. जाहिरातीतली पात्रता वाचल्याशिवाय क्लासला पैसे भरू नका. खाजगीत मात्र काम आहे, गावठाणांची ड्रोन मोजणी स्वामित्व योजनेत झाली, पाणलोटाची कामं चालतात, शेतीच्या कंपन्यांना सॅटेलाइट इमेज वाचणारी माणसं लागतात. सुरुवातीला पगार कमी असतो आणि दिवसभर डिजिटायझेशन करून डोळे दुखतात हे खरंय, पण दोनेक वर्षांत थोडं पायथॉन (प्रोग्रॅमिंगची भाषा) शिकलं की काम बदलतं.

---

क्यूसी_रात्रपाळी

केमिस्ट्रीबद्दल मी सांगतो. कुरकुंभ एमआयडीसीत क्यूसीला (मालाची गुणवत्ता तपासणाऱ्या विभागात) आहे, बीएस्सी करून आधी लागलो आणि मग एमएस्सी केलं.

बीएस्सीवर नोकरी मिळते, ही केमिस्ट्रीची जमेची बाजू, कुरकुंभ, लोटे, महाड, तारापूर कुठेही. पण ट्रेनी केमिस्ट म्हणजे तीन शिफ्ट, आणि बऱ्याच ठिकाणी कॉन्ट्रॅक्टवर घेतात, ऑफर लेटरवर कंपनीचं नाव आहे का एजन्सीचं ते बघून सही करायची. मुलाखतीत फार अवघड विचारत नाहीत. नॉर्मॅलिटी-मोलॅरिटी, स्टँडर्ड सोल्युशन कसं करतोस, टायट्रेशनमध्ये इंडिकेटर हाच का, बफर म्हणजे काय. पोरं इथेच अडकतात कारण जर्नल कॉपी केलेलं असतं. सर तुमच्या केमिस्ट्रीच्या मॅडमना सांगा, शेवटच्या महिन्यात पोरांकडून प्रॅक्टिकल पुन्हा एकदा स्वतःच्या हाताने करून घ्या, भाषणापेक्षा त्याचा उपयोग होईल. एचपीएलसी (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं मशिन) कॉलेजात नसणारच, पण ते कसं चालतं, कॉलममध्ये काय होतं, एवढं तोंडी सांगता आलं तरी पुरतं.

एमएस्सी करायचं तर ऑरगॅनिक का ॲनालिटिकल हा प्रश्न येतो. सगळे ऑरगॅनिकला पळतात. ऑरगॅनिकवाला आर अँड डीत जातो, सिंथेसिस करतो. ज्याला मशिनवर बसून नीट मोजायला आवडतं त्याने ॲनालिटिकल घ्यावं, क्यूसीमध्ये तेच लागतं.

आणि जॅम. आयआयटी जॅम ही परीक्षा आमच्या वर्गात कोणी ऐकलेलीच नव्हती. बीएस्सीवाल्याला आयआयटीत एमएस्सीला जायचा तो रस्ता आहे, पेपर 7 विषयांचे असतात, केमिस्ट्री, फिजिक्स, मॅथ्स, मॅथेमॅटिकल स्टॅटिस्टिक्स, बायोटेक्नॉलॉजी, जिऑलॉजी आणि इकॉनॉमिक्स. 60 प्रश्न, 100 मार्क, 3 तास. पण फॉर्म सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये भरतात आणि परीक्षा फेब्रुवारीत होते. म्हणजे तुमचा निरोप समारंभ होईपर्यंत ती होऊन गेलेली असते.

---

कोयनाकाठ

वरच्यांनी शेवटी जे लिहिलंय तेच मला मोठ्याने सांगायचंय. सर तुमची तळमळ कळते पण निरोप समारंभ ही वेळच चुकीची आहे. सीयूईटी पीजी (केंद्रीय विद्यापीठांतल्या एमए-एमएस्सीची सामाईक प्रवेश परीक्षा), तिचे फॉर्म साधारण डिसेंबर-जानेवारीत असतात आणि परीक्षा मार्चच्या आसपास. दिल्ली, हैदराबाद अशी केंद्रीय विद्यापीठं त्यातूनच भरतात, टिसलाही (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) आता सीयूईटी पीजीचे मार्क लागतात, आणि टिसचा कॅम्पस मुंबईतच नाही तर आपल्या तुळजापूरलाही आहे, ग्रामीण विकासात काम करायचं असेल तर आपल्याकडच्या पोरांसाठी तो किती जवळचा आहे बघा. हे सगळं टीवायच्या पोरांना ऑगस्टमध्ये कळायला हवं. खरं तर एसवायला असतानाच. मोठ्या कॉलेजातली पोरं हुशार असतात म्हणून पुढे जातात असं मला मुळीच वाटत नाही, त्यांना तारखा ठाऊक असतात. छोट्या कॉलेजात नोटीस बोर्डवर स्कॉलरशिपची आणि परीक्षा फॉर्मची नोटीस लागते, बाहेरच्या प्रवेश परीक्षेची कधीच लागत नाही.

एक अडचण मात्र आहे, सीयूईटीचे बहुतेक पेपर इंग्रजी-हिंदीतून असतात, मराठीतून तीन वर्षं इतिहास किंवा अर्थशास्त्र शिकलेल्या पोराला पारिभाषिक शब्दच अनोळखी वाटतात. म्हणून पण आधी कळायला हवं, सहा महिने मिळाले तर तेवढे शब्द ओळखीचे होतात.

आता ज्या गोष्टी या बॅचला अजून मिळू शकतात त्या सांगा. राज्यातल्या विद्यापीठांच्या विभागांचे प्रवेश मे-जूनमध्ये असतात. डेक्कन कॉलेजला पुरातत्त्व आणि भाषाशास्त्र यांचं एमए आहे, कुठल्याही शाखेचा पदवीधर चालतो. इतिहासवाल्या पोरांना हे जरूर सांगा, पुरातत्त्वज्ञ सांकलियांनी उभा केलेला तो विभाग आहे, इनामगावचं उत्खनन त्याच विभागाने केलं, आणि तिथे खड्ड्यात उतरून काम शिकवतात. आपल्या भागात वीरगळ, जुनी मंदिरं, बारव इतकं पडलंय की तिथे शिकलेल्या पोराला कामाला परत आपल्याच तालुक्यात यावं लागेल.

---

बोरूवाला

मराठी स्पेशलवर कोणी लिहीत नाही म्हणून मी.

मराठीत एमए, मग सेट-नेट (प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा), मग प्राध्यापक, हा एकच रस्ता सांगितला जातो आणि तो किती अरुंद झालाय ते मास्तर तुम्ही स्वतः तासिकेवर आहात म्हणजे तुम्हाला मी सांगायला नको. तरी नेटमधून जेआरएफ (संशोधनाची फेलोशिप) मिळालं तर महिना 37,000 रुपये फेलोशिप असते, ज्याला संशोधनाची खरी ओढ आहे त्याने तो प्रयत्न जरूर करावा. पण बाकीचंही सांगा ना. भाषा संचालनालयात आणि विधानमंडळात अनुवादकांच्या जागा असतात, उच्च न्यायालयात अनुवादक-दुभाषे लागतात. त्याला इंग्रजी चांगलं लागतं, नुसतं मराठी सुंदर असून भागत नाही. म्हणून मराठी स्पेशलच्या पोरांना मी सांगतो की रोज इंग्रजी पेपरातला एक परिच्छेद मराठीत करायचा, शासकीय निर्णयाच्या भाषेत नाही, आईला कळेल अशा मराठीत.

आणि मोडी लिपी! 2023 ला कुणबी नोंदी शोधायचं काम सुरू झालं, न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली, तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यात मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध झाली, कारण जुनी दफ्तरं मोडीत आणि वाचणारे मोजके. पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं. इतिहास आणि मराठीच्या पोरांनी हे शिकलंच पाहिजे असं माझं ठाम मत आहे. घराघरात जमिनीचे, वाटणीचे, इनामाचे कागद पेटीत पडलेत, वाचून देणाऱ्याला लोक आनंदाने पैसे देतात. पूर्ण वेळचा पगार यातून सुटेल असं नाही म्हणत, पण एमए करता करता खर्च निघतो आणि खरी मूळ साधनं वाचायची सवय लागते, जी नुसत्या गाइडवर एमए करणाऱ्याला लागत नाही. 3 ऑक्टोबर 2024 ला केंद्राने मराठीला अभिजात दर्जा दिला, रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ आलंय, म्हणजे या विषयाला पुढे काही नाही हे म्हणणं आता तरी बंद करूया.

---

दुसरा_अटेम्प्ट

एमपीएससीला सगळे नावं ठेवतात म्हणून लिहितोय. मी दोन वर्षं करतोय आणि विचार करून करतोय. 2025 पासून राज्यसेवा वर्णनात्मक झाली, यूपीएससीसारखी, 4 जीएसचे (सामान्य अध्ययन) पेपर, निबंध, दोन भाषा पात्रतेपुरत्या, आणि एका वैकल्पिक विषयाचे 2 पेपर 250-250 चे. वैकल्पिकच्या यादीत मराठी साहित्य, इतिहास, भूगोल, अर्थशास्त्र सगळं आहे. म्हणजे पूर्वी पोरं पदवीचं पुस्तक विकून टाकून पुण्याला यायची, आता तेच पुस्तक 500 मार्कांचं आहे. मास्तर हे जरूर सांगा, ज्याला एमपीएससी करायचंच आहे त्याने स्पेशल विषयाच्या नोट्स जपून ठेवाव्यात आणि एमएला प्रवेश घेऊनच तयारी करावी. अभ्यास तोच होतो आणि हातात पदवीही राहते. नुसतं अभ्यासिकेत खुर्ची घेऊन बसू नका, इथे तीस-बत्तीसची मुलं बघतो, घरी काय सांगायचं कळत नाही त्यांना, जीव तुटतो.

बार्टी, सारथी, महाज्योती या सरकारी संस्थांचं मोफत कोचिंग आहे, आपापल्या प्रवर्गाप्रमाणे. त्यांच्या पण प्रवेश परीक्षेच्या तारखा असतात.

---

आर्टिकल_ताई

बीकॉमसाठी थोडक्यात. बीकॉमला 55 टक्के असतील तर सीएची फाउंडेशन परीक्षा द्यावी लागत नाही, थेट इंटरमिजिएटला नोंदणी होते (दुसऱ्या शाखांना 60 टक्के). हे आमच्या भागात कोणाला ठाऊकच नसतं, सगळ्यांना वाटतं बारावीनंतर नाही केलं म्हणजे सीए हुकलं. नव्या योजनेत आर्टिकलशिप (सीएच्या हाताखाली काम शिकणं) 2 वर्षांची झालीय आणि इंटरची परीक्षा वर्षातून 3 वेळा होते. अवघड आहे, खूप अवघड आहे, पण फी इंजिनिअरिंगसारखी नाही आणि आर्टिकलशिपला स्टायपेंड मिळतो. ज्यांना ते नको त्यांनी टॅली आणि जीएसटी रिटर्न भरायला तालुक्यातल्याच एखाद्या टॅक्स कन्सल्टंटकडे सहा महिने बसावं, पतसंस्था, दूध संघ, ऊस वाहतूकवाले, सगळ्यांना हिशेब ठेवणारी माणसं लागतात.

मुलींबद्दल पण बोला सर भाषणात, प्लीज. घरचे नाही म्हणतात तेव्हा बऱ्याचदा शिक्षणाला नाही म्हणत नसतात, राहायचं कुठे आणि पैसे किती या दोन गोष्टींना घाबरतात. आमच्या वडिलांना मी होस्टेलची फी, मेसचा खर्च, स्कॉलरशिप किती, एसटीचा पास, असा एका कागदावर सगळा हिशेब दाखवला तेव्हा ते तयार झाले. विद्यापीठांच्या होस्टेलची फी बाहेरच्या कॉट बेसिसपेक्षा खूप कमी असते. कमवा आणि शिका योजना आहे, एससीच्या मुलामुलींसाठी स्वाधार आहे, इतरांमध्ये जे पात्र असतील त्यांच्यासाठी पंजाबराव देशमुख वसतिगृह भत्ता आहे. कॅप राउंडमधून (शासनाची केंद्रीय प्रवेश फेरी) व्यावसायिक कोर्सला गेलेल्या ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस मुलींची ट्यूशन फी 2024 पासून शासन भरतंय, घरचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर. तुम्ही भाषण मुलांसमोर करणार, पण पालकांना बोलावता आलं तर बोलवा.

---

माणदेशी_मास्तर

एवढं सगळं मिळेल असं वाटलं नव्हतं, मनापासून आभार. कोयनाकाठ, तुमचं म्हणणं पटलं, निरोप समारंभाचं भाषण मी करीन पण त्यात फक्त या बॅचला अजून उघडे असलेले रस्ते सांगेन, विद्यापीठांचे मे-जूनचे प्रवेश, डेक्कन कॉलेज, सीए इंटर, मोडीचे वर्ग. आणि एसवायच्या पोरांसाठी वेगळी बैठक घेतो, परीक्षा झाल्यावर लगेच, तारखांचा तक्ता करून स्टाफरूमच्या बाहेर कायमचा लावतो. आर्टिकल ताई, पालकांची कल्पना फार आवडली, रविवारी बाजाराच्या दिवशी बोलावलं तर येतील. आयआयआरएसच्या केंद्राचं उद्याच प्राचार्यांशी बोलतो.

अर्थशास्त्र आणि बॉटनी राहिलं. कोणी आहे का?

---

लोकसंख्यावाला

अर्थशास्त्र. प्रामाणिकपणे सांगायचं तर बीएच्या अर्थशास्त्रात गणित जवळजवळ नसतं आणि पुढे सगळं गणितावर चालतं. गोखले इन्स्टिट्यूट (1930 पासूनची, धनंजयराव गाडगिळांची) किंवा मुंबई विद्यापीठाचा अर्थशास्त्र विभाग गाठायचा तर कॅल्क्युलस आणि संख्याशास्त्र स्वतः शिकावं लागतं. जमतं, पण एक उन्हाळा त्यालाच द्यावा लागतो. यूपीएससीची इंडियन इकॉनॉमिक सर्व्हिस आहे, तिला अर्थशास्त्रातली पदव्युत्तर पदवी लागते, बीएवर नाही बसता येत.

ज्यांना गणित झेपत नाही पण गावात फिरून माहिती गोळा करायला आवडतं त्यांच्यासाठी देवनारची आयआयपीएस बघा, लोकसंख्याशास्त्राची संस्था. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण त्यांच्याच देखरेखीखाली होतं. अशा सर्वेक्षणांना घरोघरी जाऊन नीट मराठीत प्रश्न विचारणारी पोरं लागतात. मी तिथूनच सुरुवात केली, आधी फिल्डवर आणि मग शिकायला. तुमच्या भागातल्या पोरांना ऊसतोडीला जाणारी, मेंढरं घेऊन फिरणारी घरं आतून ठाऊक असतात, कोणत्या महिन्यात घरात कोण सापडेल हे त्यांना विचारावं लागत नाही. सर्वेक्षणात याची किंमत फार मोठी असते.

---

नकाशावाली

बॉटनीचं माझ्या बहिणीवरून सांगते. यूपीएससीच्या इंडियन फॉरेस्ट सर्व्हिसला बॉटनी किंवा केमिस्ट्री घेऊन केलेलं बीएस्सी चालतं, पूर्व परीक्षा सिव्हिल सर्व्हिसेसचीच असते. म्हणजे तुमची बीएस्सीची दोन्हीकडची पोरं पात्र आहेत, तुमच्या बीएवाल्यांना त्या परीक्षेला बसता येत नाही. आणि नोकरी लवकर हवी असेल तर बियाणे कंपन्या, जालन्याला त्यांचा मोठा पसारा आहे, परागीकरणाच्या प्लॉटवर आणि बीज तपासणीच्या लॅबमध्ये बॉटनीवाले घेतात. बहीण तिथल्याच एका लॅबमध्ये उगवणक्षमता तपासते. वनस्पती ओळखता येणाऱ्या पोरांना हर्बेरियम शीट (वाळवलेली वनस्पती चिकटवून नोंद केलेला कागद) नीट करायला शिकवा, पुण्याला भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागाचं केंद्र आहे, एकदा सहल तिकडे न्या.

सर, विहिरीवाल्या मुलीला क्यूजीआयएस इन्स्टॉल करताना काही अडलं तर मला मेसेज करायला सांगा, शनिवारी संध्याकाळी मी मोकळी असते.